अक्कासाठी केलेले डूल

माती काय दागिना असतो का, हे मला सगळ्यात आधी ऐकवलं ते अक्काच्या सासूनं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तिला हिमायतनगरला दिलेली. तिच्या घरी बारसं होतं आणि मी हौसेनं स्वतः केलेले मातीचे झुमके घालून गेले होते. म्हातारीनं चारचौघींसमोर माझा कान चिमटीत धरला, बाजारात भेंडी बघावी तसा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, माती काय दागिना असतो का, माती ती मातीच. बायका फिदीफिदी हसल्या. अक्कानं डोळ्यांनीच मला दटावलं, गप बस. मी गप बसले खरी, पण जेवायला बसले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारच्या बसनं निघाले. माझा राग असाच आहे. नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, आणि उतरतो तेव्हा बस अर्ध्या वाटेवर आलेली असते.

मी लातूरला राहते. शाळेत चित्रकला शिकवते आणि शाळा सुटली की मातीत हात घालते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना मी इतक्या वर्षांत इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत की खरं कोणतं ते मलाही आता आठवत नाही.

मूर्ती करते त्या बायकांच्याच. डोकं, मान, फार तर खांदे. देवाच्या करत नाही, त्या करणारे पुष्कळ आहेत. शिकत होते तेव्हा सर सांगायचे, आधी ठोकळा उभा करा, मग नाकडोळे. मला ते कधी जमलं नाही. मी कानापासून सुरू करते. कान कोणी नीट बघत नाही, म्हणून माणूस तिथं खोटं वागत नाही असं मला वाटतं. कुणाची पाळी ओझ्यानं लोंबलेली असते, कुणाची घट्ट, मानेला चिकटलेली. एक कान मनासारखा झाला की मग हनुवटी कुठं येणार, मान किती वाकणार, हे आपोआप कळत जातं. आणि मूर्तीतून जी माती उरते तिचेच दागिने करते. एकाच गोळ्यातून बाई आणि तिचे डूल. कच्चा डूल आधी मूर्तीच्या कानाला लावून बघते, चार पावलं मागं जाते, परत पुढं येते. लांब वाटला तर कापते. जड वाटला तर आतून कोरते. हातात घेऊन दागिना कळत नाही, कानाखाली हलला की कळतो.

पण खरं सांगायचं तर मातीचे डूल हा माझा शोध नाही. तो अक्काचा. देवणीजवळ आमचं रान आहे. लहानपणी पोळ्याला मातीचे बैल करायचो तेव्हा मी शिंगं नीट जमावीत म्हणून जीव काढत बसायचे, आणि ही बाई उरलेल्या मातीचे मणी वळून, दोऱ्यात ओवून, दोन्ही कानांवरून सोडायची आणि बैलांच्या आधी स्वतःच मिरवायची. नटायची तिला लई हौस. लग्नात तिच्या अंगावर जे सोनं घातलं ते बघून ती रडायची विसरली होती. आई ओरडली तिच्यावर, अगं सासरी चाललीस, थोडी तरी रड.

दाजी गेले तेव्हा अक्का त्रेचाळीस वर्षांची होती. जेवून उठले, छातीत कळ आली, आणि नांदेडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी लातूरहून जाऊन पोचले तेव्हा बायका अक्काला घेऊन बसल्या होत्या. बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं. कानातल्यांना मात्र कुणाला हात लावू दिला नाही, ते तिनं स्वतःच काढले आणि सासूच्या हातावर ठेवले. शाळेत पोरींपुढं मोठमोठी भाषणं ठोकणारी मी, त्या वेळी दाराची चौकट धरून उभी होते. याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर दीड वर्षानं भाचीचं लग्न ठरलं. भाची नांदेडला नोकरी करते, बोलायला फटकळ, माझ्यावर गेली आहे असं सगळे म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. तिनं घरात जाहीर करून टाकलं की पहिली हळद आई लावणार. आईनं लावली नाही तर मला हळदच नको. आमच्याकडं विधवा बाई हळदीच्या पाटाजवळ जात नाही. ती आत भाकरी थापते, किंवा मागच्या दारी भांडी घासते, आणि गाणी ऐकू आली की डोळे पुसते. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय.

अक्कानं मला फोन केला. लेकीला हळद लावायची तिची फार इच्छा होती, हे तिच्या आवाजातच कळत होतं. सासूचीही ना नव्हती, म्हातारी म्हणाली होती, लेक तुझी, तू बघ. अडलं होतं ते अक्काचंच. सोनं ती पुन्हा अंगाला लावणार नव्हती, दाजींच्या मागं ते तिला नकोच झालं होतं.

"पर भुंड्या कानानं सवाष्णींमधी कशी उभी राहू गं?" ती म्हणाली. "लेकीच्या फोटूत मी तशीच दिसंल जलमभर."

आणि मला एकदम सुचलं. मी म्हटलं, सासूला फोन दे. म्हातारी फोनवर आली तशी मी तिला तिचंच वाक्य ऐकवलं. मावशी, तुम्हीच म्हणाला होता ना, माती काय दागिना असतो का? मग अक्कानं मातीचे डूल घातले तर रीत कुठं मोडते? म्हातारीनं मला ते परत एकदा म्हणायला लावलं. मला वाटलं, बसली चपराक. मग म्हातारी म्हणाली, न्हाई मोडत, कर तू. केवढी जिंकल्यासारखी मी घरभर फिरले त्या दिवशी! नवरा गेल्यापासून तिचे स्वतःचे कान तीस वर्षं भुंडे होते, आणि असं काहीतरी कुणीतरी बोलावं याची तीच वाट बघत असेल, हे माझ्या डोक्यात आलं ते पुष्कळ नंतर.

आता इथं मातीबद्दल थोडं सांगायला पाहिजे. एरवी मी तळ्याचा गाळ वापरते, कुंभाराकडून आणलेला. शेतातली काळी माती या कामाची नाही. वाळताना तडकते, आणि आमच्या भागात तिच्यात चुनखडीचे खडे फार. नांगर फिरला की रानात लाह्या सांडल्यासारखे पांढरे दिसतात. असला एखादा खडा वस्तूत राहिला तर भट्टीत त्याचा चुना होतो. वस्तू बाहेर निघते ती अखंड, देखणी. मग हवेतली ओल पिऊन तो चुना फुलतो, दोन दिवसांनी म्हणा, महिन्यानं म्हणा, आणि वस्तू आतून फोडतो. त्याला तोड दोनच. माती मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायची, आणि वस्तू भट्टीतून काढल्यावर गरम आहे तोवरच पाण्यात बुडवायची, दिवसभर तशीच ठेवायची. मग आत खडा राहिला असला तरी चुना तिथल्या तिथं निवतो. हे मला कुंभारणीनं शिकवलं. मी शाळेतल्या पोरींना शिकवते. म्हणजे मला येत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

पण अक्काच्या कानाला तळ्याचा गाळ नको, माहेरची माती हवी, असं माझ्या मनानं घेतलं. रविवारी देवणीला गेले. रान आता बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं आहे. बांधाजवळची पिशवीभर माती घेतली आणि तिथूनच अक्काला फोन लावला. आपल्या रानाची, असं तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. मग ती हसली. दाजी गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं, आणि त्या एका हसण्यावर मी इतकी खूश झाले की परतीच्या जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले.

दिवस कमी होते. शाळेत परीक्षा चालू होत्या. माती मलमलीतून गाळायला दोन दिवस गेले असते, म्हणून मी पिठाच्या चाळणीतून एकदा काढली, दिसले तेवढे पांढरे खडे हातानं वेचले, निम्मा गाळ मिसळला. आधी अक्काचं डोकं केलं, आठवणीतून. फोटो बघितला नाही, तिचा कान मला पाठ होता. त्या कानाला डूल लावून लावून बघितले. पहिले दोन जोड मोडून टाकले. तिसरा जमला. ज्वारीच्या कणसाचा आकार, बोटाच्या पेराएवढा, त्यावर सुईच्या टोकानं दाणे उठवलेले. काचेच्या मण्यानं घासून घासून गुळगुळीत केले, भाजले, भट्टीतच तूस टाकून धुरी दिली. बाहेर काढले तेव्हा काळेभोर, आणि चकाकी अशी की माझं मलाच खरं वाटेना. वीस वर्षांत असं काही माझ्या हातून झालं नव्हतं. गालावर फिरवून बघितले.

पाण्याची बादली शेजारीच भरून ठेवली होती. पाण्यात टाकलं की धुरीची ती चकाकी जरा मरते, थोडी राखेसारखी झाक येते. मी डूल पाण्यात टाकले नाहीत. विसरले नाही. घाईतही नव्हते, तेवढा वेळ होता. नीट विचार करून टाकले नाहीत, कारण ते फार सुंदर दिसत होते.

लग्नाच्या तीन दिवस आधी हिमायतनगरला गेले. डूल अक्काच्या कानात सासूनं घातले. तार भोकात जाईना, मी मदतीला हात पुढं केला तर फटकन बाजूला सारला. मग अक्काला आरशासमोर उभं केलं आणि म्हातारी म्हणाली, ब्येस दिसतंय. एवढंच. अक्का आरशात बघून लाजली. पंचेचाळिशीतली बाई अशी लाजली की मला तिथून उठून बाहेर जावं लागलं. पुढचे दोन दिवस ती डूल घालूनच वावरली. चुलीपुढं, भाताच्या वाफेत, चहाच्या पातेल्यापुढं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, भैनीनं केलेत, आमच्या रानाच्या मातीचे. भाचीच्या नांदेडच्या मैत्रिणी माझ्याभोवती जमल्या, आम्हालाही करून द्या म्हणाल्या. मी फुगून गेले होते.

हळदीच्या सकाळी मांडवात भाची पाटावर बसली. बायकांनी गाणं धरलं. भाचीनं मोठ्यानं सांगितलं, आधी आई. काहींनी मान दुसरीकडं वळवली इतकंच. अक्का हळदीची वाटी घेऊन उठली. मी व्हिडिओ काढायला मोबाईल वर धरला. ती दोन पावलं चालली असेल, तेवढ्यात तिची चुलत सासू म्हणाली, अगं, तुझ्या कानातलं बघ.

डाव्या कानातलं कणीस निम्मं उरलं होतं. निम्मं तिच्या खांद्यावर पदराच्या घडीत पडलेलं. आणि फुटलेल्या जागी मध्ये पांढरा ठिपका, मोहरीएवढा, फुललेला.

गाणं थांबलं. अक्कानं पदरातला तुकडा उचलून तळहातावर घेतला आणि वाटी खाली ठेवली. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, व्हायचं न्हाई म्हणून देव सांगतो. माझं डोकं सटकलं. मी मध्ये घुसले, तो तुकडा सगळ्यांना दाखवत सुटले, हा चुना आहे, चुनखडीचा खडा आहे, याचा आणि शकुनाचा काय संबंध? हळदीच्या मांडवात मी भट्टीचा धडा शिकवत होते आणि माझ्याकडं बघत होत्या त्या भाचीच्या मैत्रिणी, ज्यांनी आदल्याच दिवशी माझ्याकडं डूल मागितले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी पुढं बोलून गेले.

"माझ्या कामात खोट नाही," मी म्हटलं. "आमच्या रानाची मातीच खराब, त्याला मी काय करू?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग तिनं उजव्या कानातला डूलही काढला. सासू जागेवरून उठली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, जा, लाव, मी हाय. अक्का नको म्हणाली आणि आत गेली. भाची पाटावर बसून रडायला लागली, कुणालाच अंगाला हात लावू देईना. शेवटी अक्कानंच आतून निरोप पाठवला की लोकं खोळंबलीत, उगं हट्ट करू नको. मग पाच सवाष्णींनी हळद लावली. मी माजघरात गेले तर अक्का भाकरी थापत होती. मी शेजारी बसले. तिनं पिठाची परात माझ्याकडं सरकवली, म्हणाली, मळ.

पुढं कितीतरी महिने मी सगळ्या जगावर चिडलेली होते. त्या बायकांवर, रीतीवर, चुलत सासूच्या तीक्ष्ण डोळ्यांवर. शाळेत भेटेल त्या बाईला ही गोष्ट सांगायची, आणि सांगताना चुनखडीपाशी थांबायची. सगळ्या हळहळायच्या, काय बाई लोक अजून असे. मलाही बरं वाटायचं. तळ्याच्या गाळाचे चार जोड केले, नीट गाळून, पाण्यात घालून, महिनाभर ठेवून तपासून, आणि अक्काला पाठवले. तिनं छान आहेत म्हणून सांगितलं आणि लेकीला देऊन टाकले.

मग या हिवाळ्यात वर्गात पाण्याची बादली ठेवून मी पोरींना तेच शिकवत होते. एकीनं विचारलं, बाई, पाण्यात नाही टाकलं तर? मी म्हटलं, मग फुटतं, आणि ते करणाऱ्याच्या चुकीनं फुटतं. म्हटलं आणि खडू हातातच राहिला. पोरी बघत होत्या. मी त्यांना वहीत कान काढायला सांगितलं आणि घंटा होईपर्यंत खिडकीशी उभी राहिले.

त्या रविवारी हिमायतनगरला गेले. म्हातारी उन्हात गोधडी अंथरून झोपली होती. अक्का ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. मी चहाही घेतला नाही, समोर बसले आणि सगळं सांगितलं. चाळणी, बादली, चकाकी. मातीत खडे असतातच, ते मला माहीत होतं. माती खराब नव्हती, मी पाण्यात टाकले नाहीत म्हणून फुटले. मला वाटत होतं ती चिडेल, आणि तिनं चिडावं असं मला मनापासून वाटत होतं. ती डाळीतला खडा बोटानं बाजूला करत राहिली.

"मग त्या दिशी का न्हाई बोललीस?" तिनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. एवढ्या बायका होत्या, पोरी होत्या. लाज वाटली.

अक्कानं सूप खाली ठेवलं.

"मला वाटलं, आपल्या रानानंच मला न्हाई म्हणलं," ती म्हणाली. "लोकाचं काय, लोकं बोलतेतच. त्यांच्यासाठी न्हाई थांबले मी. तू नुसतं म्हणली असतीस, अक्का, माझं चुकलं. तर तसंच एका कानानं जाऊन लावली असती की गं हळद."